५०वं पद १५५ का येतं, आणि ३/७ मोठा की ४/९: जरा निवांत सांगतो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ५, ८, ११, १४… या अंकगणिती श्रेढीचं (म्हणजे लागोपाठच्या संख्यांत दरवेळी तेवढाच फरक असलेल्या रांगेचं) ५०वं पद तुम्हाला दरवेळी १५५ येतं आणि उत्तरात १५२ दिलंय. दुसरं, ३/७ आणि ४/९ मध्ये मोठा कोण हे काढताना तिरकस गुणाकाराने २७ आणि २८ मिळतात, पण २८ नक्की कुणाचे हे विसरायला होतं. शिवाय सूत्रं तोंडपाठ आहेत तरी पेपरात हमखास माती होते. मला विचाराल तर तोंडपाठ आहेत म्हणूनच होते, पण ते असो.

मी बरीच वर्षं हेच शिकवतोय, आणि हे दोन धडे पुस्तकात लांब लांब असले तरी वह्या तपासताना चूक एकाच जातीची दिसते. मोजायचं असतं एक आणि पोरं मोजतात दुसरंच. श्रेढीत मोजायच्या असतात उड्या, मोजली जातात पदं. अपूर्णांकात बघायचं असतं तुकडा केवढा, आणि सगळे बघत बसतात तुकडे किती. हे एकदा डोक्यात बसलं की सूत्र आठवलं नाही तरी चालतं.

आधी १५५ चा निकाल लावू. तुम्ही ५ वर उभे आहात, हे पहिलं पद, इथे यायला एकही उडी मारलेली नाही. ८ वर जायला एक उडी, ११ वर जायला दोन, १४ हे चौथं पद आणि तिथे जायला तीन उड्या. म्हणजे पद कितवंही असो, उड्या त्याच्यापेक्षा एकने कमीच. ५०व्या पदासाठी ४९ उड्या, प्रत्येक उडी ३ ची, ४९ × ३ = १४७, त्यात सुरुवातीचे ५ मिळवले की १५२. तुम्ही ५० उड्या मारल्यात, त्यामुळे एक घर पुढे जाऊन बसलात. १५५ हे ५१व्या पदाचं अगदी बरोबर उत्तर आहे, फक्त ते कुणी विचारलं नव्हतं.

सूत्रातला तो ‘एन वजा एक’ (एन म्हणजे पदाचा क्रमांक) याच एका कमी उडीचा हिशोब आहे, दुसरं काही नाही. आणि हा घोटाळा काही आजचा नसणार, कारण भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) शेवटचं पद काढायचा जो नियम आहे त्याचा पहिलाच शब्द ‘व्येकपद’ असा आहे, म्हणजे पदांच्या संख्येतून एक वजा करून. पहिल्या पदाला तिथे मुख म्हणतात आणि आपण ज्याला सामान्य फरक म्हणतो त्याला चय. व्येकपदाला चयाने गुणा आणि मुख मिळवा, संपला नियम. मला यातली गंमत ही वाटते की जिथे माणूस चुकतो ती गोष्ट नियमात सगळ्यात आधी सांगून टाकली आहे. आपल्या सूत्रात ती कंसात मध्येच कुठेतरी लपलेली असते आणि घाईत नेमकी तीच सुटते.

आता एक दुसरी पद्धत सांगतो, मी स्वतः हीच वापरतो. पहिल्या पदाच्या एक घर मागे जा. ५ च्या मागे ३ ने कमी म्हणजे २. हे झालं ‘शून्यावं’ पद, श्रेढीत ते नाहीये पण सोयीसाठी तिथे उभं राहायचं. आता तिथून ५०व्या पदापर्यंत बरोब्बर ५० उड्या, म्हणून ५० × ३ + २ = १५२. वजा एक वगैरे भानगडच नाही. कुठलंही पद हवं असेल तर त्याच्या क्रमांकाला ३ ने गुणा आणि २ मिळवा. शंभरावं? ३०२. तोंडी येतं.

आणि याचा आणखी एक फायदा म्हणजे ‘२०० ही संख्या या श्रेढीत आहे का’ छाप प्रश्न फुकटात सुटतात. श्रेढीतली प्रत्येक संख्या म्हणजे ३ ची पट अधिक २, म्हणजे ३ ने भागलं की बाकी २ उरलीच पाहिजे. २०० ला ३ ने भागा, भागाकार ६६, बाकी २. आहे, आणि ६६वं पद आहे. ३०० ला भागा, बाकी शून्य, नाही. समीकरण मांडून क्रमांक अपूर्णांकात आला की मग ‘म्हणून नाही’ असं लिहिणं बरोबरच आहे, मार्कही मिळतात, पण बाकी बघितली की ते का नाही हे कळतं. फक्त एक जपा, २ ला भागलं तरी बाकी २ च येते पण २ श्रेढीत नाही, कारण आपण सुरुवात ५ पासून केली आहे.

आता उलटा प्रश्न. ७, ११, १५… असं करत ९५ पर्यंत किती पदं? इथे लोक ९५ मधून ७ वजा करतात, ८८, भागिले ४, २२, आणि २२ लिहून मोकळे. पण २२ या उड्या झाल्या ना, पदं २३. कुंपणाचे खांब आणि दोन खांबांमधले गाळे यांचा जो संबंध तोच इथे आहे, सरळ रेषेतल्या कुंपणाला गाळ्यांपेक्षा खांब एक जास्त लागतो. प्रोग्रामिंगवाले या चुकीला चक्क फेन्सपोस्ट एरर म्हणतात, म्हणजे पोटापाण्यासाठी दिवसभर लॉजिक लिहिणारी माणसंसुद्धा यात आपटतात, तेव्हा तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. कधी एक वजा करायचा आणि कधी मिळवायचा हे पाठ करू नका, पाठ केलं की उलटं होणारच. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, मी आत्ता जे मोजलं त्या उड्या आहेत की पदं.

उड्यांचा हा विचार पक्का झाला की ‘चौथं पद १९ आणि अकरावं पद ५४, तर तिसावं काढा’ यात दोन समीकरणं मांडायची गरजच उरत नाही. चौथ्यापासून अकराव्यापर्यंत ७ उड्या, त्यात वाढ झाली ३५, म्हणजे एक उडी ५ ची. अकराव्यापासून तिसाव्यापर्यंत १९ उड्या, ९५ वाढ, ५४ + ९५ = १४९. पहिलं पद काढायलाच लागलं नाही! परीक्षेत पायऱ्या दाखवायला लागतात हे मान्य, तर समीकरणाने लिहा आणि मनात असं तपासून घ्या. पहिलं पद हवंच असेल तर चौथ्यापासून तीन उड्या मागे, १९ − १५ = ४, आणि ४ + २९ × ५ = १४९, जुळलं.

उतरती श्रेढी वेगळी काही नसते, उडी खालच्या बाजूला एवढंच. १००, ९३, ८६… यात पहिलं ऋण पद कितवं? १०० मध्ये ७ किती वेळा जातात, १४ वेळा, उरतात २. म्हणजे १४ उड्यांनंतर आपण २ वर, तेव्हा आपण पंधराव्या पदावर आहोत, आणखी एक उडी की −५, हे सोळावं. इथेही पोरं पंधरावं लिहितात, कारण तेच.

जाता जाता, ‘३, ५, ७, पुढे काय’ असा प्रश्न अंकगणिती श्रेढी आहे असं न सांगता कुणी विचारला तर ९ हे उत्तर सक्तीचं नाही हां. विषम मूळ संख्या लिहीत असलो तर पुढे ११ येतात. श्रेढी आहे हे दिलेलं असतं म्हणून आपण निर्धास्त, नुसत्या तीन संख्यांवरून नियम ठरत नाही.

बरं, आता अपूर्णांक.

एक मुलगा होता माझ्याकडे, हुशार, तोंडी गणितात वर्गात कुणाला ऐकायचा नाही. त्याला विचारलं ५/६ मोठा की ७/८. तो म्हणाला सारखेच. का रे? तर म्हणाला, ‘दोन्हीला पूर्ण व्हायला एकच कमी आहे.’ मी विचारलं, एक काय? तो थांबला. मग म्हटलं चित्र काढ. त्याने दोन पट्ट्या काढल्या, एकीचे सहा भाग आणि दुसरीचे आठ, आणि शेवटचा एकेक भाग रिकामा ठेवून बाकीचे रंगवले, आणि ते रिकामे भाग अगदी सारखे दिसत होते. म्हटलं हे कसं काय झालं? मग बघितलं तर आठ भागांची पट्टी त्याने लांब काढली होती! एक चौकट, एक भाग, असं करत गेला होता, त्यामुळे पट्टी आपोआप लांबली. मी काही बोललो नाही, फक्त मोजपट्टी दिली आणि दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या काढायला लावल्या. आठवा भाग रेखताना तो स्वतःच हसायला लागला, कारण तो भाग बारीक झाला होता. उरलेला तुकडा १/८ हा १/६ पेक्षा लहान, म्हणजे ७/८ पूर्णाच्या जास्त जवळ, म्हणजे ७/८ मोठा.

अंश आणि छेद यातलं अंतर बघून निवाडा करायचा हा मोह फार जुना आणि फार चिवट आहे, कारण कधीकधी त्याने उत्तर बरोबरही येतं. तुमच्याच उदाहरणात बघा, ३/७ मध्ये अंतर ४, ४/९ मध्ये अंतर ५, अंतराच्या हिशोबाने ३/७ मोठा वाटतो. आणि तो मोठा नाहीये.

मग करायचं काय. गुणाकाराला हात लावायच्या आधी मी दोन्ही अपूर्णांक अर्ध्याशी लावून बघतो. ७ चं अर्धं साडेतीन, आपल्याकडे ३, अर्धा तुकडा कमी, पण कसला अर्धा? सातव्या भागाचा. ९ चं अर्धं साडेचार, आपल्याकडे ४, परत अर्धा तुकडा कमी, पण नवव्या भागाचा. म्हणजे ३/७ अर्ध्यापेक्षा १/१४ ने कमी आणि ४/९ अर्ध्यापेक्षा १/१८ ने कमी. १/१८ लहान, म्हणजे ४/९ कमी मागे आहे, म्हणजे तो मोठा. लिहायला चार ओळी लागल्या पण डोक्यात दोन सेकंदांचं काम आहे. ३/८ आणि ५/९ असले असतील तर तेवढंही नको, एक अर्ध्याच्या खाली, एक वर, विषय संपला.

तसंच १ च्या जवळचे असतील तर १ पासून किती कमी ते बघायचं. ७/९ आणि ९/११ मध्ये कमी आहेत २/९ आणि २/११, दोन दोन तुकडेच पण अकराव्या भागाचे बारीक, म्हणून ९/११ मोठा. पण ७/९ आणि ८/११ असेल तर जपून, कमी आहेत २/९ आणि ३/११, इथे तुकडे कमी आणि मोठे विरुद्ध जास्त आणि लहान, नुसतं बघून सांगता येत नाही, अशा वेळी मुकाट्याने गुणाकार करायचा. ७ × ११ = ७७, ८ × ९ = ७२, ७/९ मोठा.

आता तो तिरकस गुणाकार, ज्यात २८ कुणाचे हे तुम्ही विसरता. विसरता कारण ती ट्रिक म्हणून शिकवली गेली आहे, बाण काढा, गुणा, मोठं ते मोठं. तिरकस वगैरे काही नाही हो, तो समच्छेदच आहे, फक्त खालचा छेद लिहायचा कंटाळा केलाय. ३/७ ला खाली-वर ९ ने गुणा, २७/६३. ४/९ ला खाली-वर ७ ने गुणा, २८/६३. छेद दोघांचा ६३ च म्हणून तो लिहिला नाही, एवढंच. म्हणजे २७ हा ३ चा वाढून झालेला अंश आणि २८ हा ४ चा. म्हणून गुणाकार नेहमी आपल्या अंशाच्या डोक्यावर लिहायचा, ३ च्या डोक्यावर २७, ४ च्या डोक्यावर २८, बघितलं की कळतं. अर्धे विद्यार्थी गुणाकार छेदाच्या खाली लिहितात आणि मग ९ च्या खाली २७ दिसले की फसतात. आणि छेदात ऋण चिन्ह असेल तर आधी ते अंशात न्या, नाहीतर ही पद्धत सरळ उलटं उत्तर देते.

छेद मोठे असतील तर लसावि घ्या. ५/१२ आणि ७/१८ साठी १२ × १८ = २१६ करत बसू नका, लसावि ३६ आहे, १५/३६ आणि १४/३६, ५/१२ मोठा. आणि एक गोष्ट फारसं कुणी शिकवत नाही ती म्हणजे अंश सारखे करणं. २/७ आणि ३/१० बघा, अंश ६ करून घेतले तर ६/२१ आणि ६/२०, तुकडे सहा-सहाच, विसावा भाग एकविसाव्यापेक्षा मोठा, म्हणून ३/१० मोठा. छेद सारखे करायला ७० पर्यंत जायला लागलं असतं. चुकीचं काहीच नाही त्यात, पण अंश लहान आणि छेद अवजड असले की हाच रस्ता जवळचा पडतो.

ऋण अपूर्णांकांत आरशासारखं सगळं उलटतं, ३/४ हा २/३ पेक्षा मोठा म्हणून −३/४ हा −२/३ पेक्षा लहान. यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

हे दोन्ही धडे एकत्र कुठे येतात ते दाखवतो, कारण पेपर काढणाऱ्यांना ही जागा फार आवडते. १/२, २/३, ३/४, ४/५… ही अंकगणिती श्रेढी आहे का? वर १, २, ३, ४ आणि खाली २, ३, ४, ५, दोन्हीकडे एकेकने वाढ, त्यामुळे वर्गात अर्धे हात ‘हो’ म्हणून वर होतात. फरक काढा: २/३ वजा १/२ म्हणजे १/६, ३/४ वजा २/३ म्हणजे १/१२. सारखा नाही, श्रेढी नाही. उलट १/६, १/३, १/२, २/३, ५/६ हे बघताना विस्कटलेलं वाटतं, पण समच्छेद करा, १/६, २/६, ३/६, ४/६, ५/६. पक्की श्रेढी. अतिसंक्षिप्त रूपात लिहिल्यामुळे ओळखू येत नव्हती इतकंच. तेव्हा अपूर्णांकांची श्रेढी दिसली की पहिलं काम सगळ्यांचा छेद एक करणं, मग वरच्या अंशांकडे बघून साध्या पूर्णांकांसारखं सोडवा.

१/३ आणि १/२ च्या मधे तीन संख्या अशा घाला की पाचही मिळून श्रेढी होईल, हा पण ठरलेला प्रश्न. मधे तीन संख्या म्हणजे उड्या चार, तीन नव्हे. एकूण अंतर १/६, चार उड्यांत वाटलं की एक उडी १/२४. चोविसावे करून लिहा, ८, ९, १०, ११, १२, म्हणजे १/३, ३/८, ५/१२, ११/२४, १/२. आणि मधली संख्या काढायला अंशात अंश आणि छेदात छेद मिळवू नका, काही पोरं १ + १ = २ आणि ३ + २ = ५ करून २/५ लिहितात. २/५ हा त्या दोघांच्या मधे असतो हे खरं, धन अपूर्णांकांत असं केलेलं उत्तर नेहमी मधेच पडतं, पण बरोबर मध्यावर पडेलच असं नाही. इथे मध्य ५/१२ आहे, आणि ५ × ५ = २५, २ × १२ = २४, म्हणजे २/५ त्याच्या किंचित खाली राहिला.

शेवटी एक स्वतः करून बघा, यात दोन्ही चुकांना जागा ठेवलीये. १/४, १/३, ५/१२… या श्रेढीत ७/९ पेक्षा मोठं असलेलं पहिलं पद कितवं? बारावे भाग केले की वर ३, ४, ५ असं चालू होतं. ९/१२ म्हणजे ३/४, त्याची ७/९ शी तुलना केली तर २७ आणि २८, थोडक्यात कमी पडला. पुढचं १०/१२ म्हणजे ५/६, आणि तिथे ४५ विरुद्ध ४२, हा पुढे गेला. ३ पासून १० पर्यंत उड्या सात, म्हणून आठवं पद.